अडीच पौंडांची गरज

पेट्रोलमधले हलके घटक साधारण 35 अंश सेल्सिअसला उकळायला लागतात. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरमध्ये मे महिन्यात पारा सकाळच्या दुसऱ्या कॉफीलाच 35 ओलांडतो. या दोहोंच्या मध्ये एक जुनी मोटार सिग्नलला उभी केली की जे होतं त्याला मेकॅनिक लोक ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. मागचे रिक्षावाले त्याला जे म्हणतात ते तमिळमध्ये असतं, त्यामुळे आपल्याला सुदैवाने कळत नाही.

मोटार आमच्या भाऊजींची. 1982 ची प्रीमियर पद्मिनी, जन्म कुर्ला. भाऊजी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात आसवनीवर होते. निवृत्त झाल्यावर मुलाकडे, म्हणजे चेन्नईच्या ओल्ड महाबलीपुरम रोडवर ऊर्फ ओएमआरवर, राहायला आले. येताना ताईने मेतकूट, कुळथाचं पीठ आणि जातं आणलं; भाऊजींनी पद्मिनी आणली. जातं बाल्कनीत मावलं. पद्मिनीसाठी ना हरकत दाखला, नवी नोंदणी, नवा कर असं सगळं यथासांग झालं आणि ती एकदाची तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन एसयूव्हींच्या मध्ये जाऊन बसली. सरकारी व्याख्येप्रमाणे मोटार ‘विंटेज’ ठरायला पन्नास वर्षं लागतात, तसा नियम 2021 साली आला. भाऊजी त्या नियमात कधीच बसले असते; गाडीला अजून अवकाश आहे.

पद्मिनीचं तिकडे गावात बरं चालत असे. गाव ते तासगाव, तासगाव ते सांगली, रस्ता मोकळा, वारा भरपूर. इथे मात्र शोळिंगनल्लूरचा चौक. एक रस्ता शहराकडे, एक केळंबाक्कमकडे, एक मेडवाक्कमकडे आणि एक समुद्राकडे ईस्ट कोस्ट रोडला. चारही बाजूंनी संगणकवाले, मधोमध मेट्रोचे खांब. त्यात 4 मेपासून पुढचे साडेतीन आठवडे अग्निनक्षत्र, म्हणजे स्थानिक भाषेत ‘कत्तिरी वेयिल’. या चौकात पद्मिनी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा भाऊजी शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, डिकीतून पंचा काढला, ओला केला आणि पेट्रोल पंपावर गुंडाळला. पंप म्हणजे रस्त्याकडेचा नव्हे, इंजिनाच्या अंगाला बोल्टने बसवलेला तो मुठीएवढा. उन्हाळ्यात चेन्नईत राजकीय पक्षांचे पाणी-ताकाचे मांडव जागोजागी असतात. तिथल्या एका कार्यकर्त्याने धावत येऊन भाऊजींना ताक दिलं आणि पंपाला पाणी. गाडी दहा मिनिटांनी सुरू झाली. पक्ष कोणता होता हे भाऊजी अजून सांगत नाहीत, कारण पुढच्या चौकात दुसऱ्या पक्षाच्या मांडवाचं पाणी घ्यावं लागलं होतं.

हा जो मुठीएवढा पंप, त्याची रचना फार साधी. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो. तो फिरता फिरता पंपाची दांडी हलवतो, दांडी रबरी पडदा म्हणजे डायफ्राम ओढते, डायफ्राम मागच्या टाकीतून पेट्रोल शोषतो आणि खालची स्प्रिंग ते पुढे कार्बोरेटरकडे ढकलते. दोन इवल्या झडपा, एक येण्याची, एक जाण्याची. संपलं. वायर नाही, फ्यूज नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या याच पंपावर पिढ्यान्‌पिढ्या धावल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती सरकारच्या वयोमर्यादेने, पंपाने नव्हे.

अडचण एवढीच की हा पंप गरम इंजिनाला चिकटलेला आणि टाकी गाडीच्या दुसऱ्या टोकाला. शोषताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. नळीत बुडबुडे होतात. डायफ्राम इमानेइतबारे वरखाली होत राहतो, पण पेट्रोलऐवजी वाफ दाबत बसतो. कार्बोरेटर कोरडा, गाडी बंद, पंचा ओला. टाकीजवळ विजेचा पंप बसवला की तो शोषत नाही, ढकलतो. नळीत दाब राहतो आणि उकळण्याचा बिंदू वर सरकतो. म्हणजे प्रश्न भौतिकशास्त्राने सुटण्यासारखा होता. आमच्याकडे तो घरगुती चर्चेने सोडवायचं ठरलं.

पहिला मुद्दा कारणाचा. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळी सोसायटी त्यांना ‘मामा’ म्हणते, तमिळमध्येही मामाच असल्याने आम्हीही म्हणतो. मामांकडे एके काळी स्टँडर्ड हेराल्ड होती. ही गाडी 1961 पासून इथून वीसेक किलोमीटरवर वंडलूरला तयार होत असे, त्यामुळे मामांच्या लेखी मोटार म्हणजे हेराल्ड आणि कुर्ल्याहून आलेली गाडी परप्रांतीय. हेराल्डचं अख्खं तोंड पुढच्या बाजूला उघडतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं, पंपाला हाताने पेट्रोल चढवायची छोटी दांडीसुद्धा असते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवलं. भाऊजींनी वालचंद हिराचंद, सोलापूर, 1944 ची प्रीमियर कंपनी, असा प्रतिहल्ला केला. मग भाच्याने मोबाइलवर पाहून सांगितलं की हेराल्डचं अंग रेखाटणारा मिकेलोत्ती हा इटालियन आणि पद्मिनीचं मूळ फियाटही इटालियन. तेव्हा हे भांडण तूरिनच्या दोन गल्ल्यांमधलं निघालं आणि दोघेही थोडे ओशाळले.

तर मामांचं म्हणणं, दोष उन्हाचा नाही, पेट्रोलचा. “पूर्वीचं पेट्रोल हे पेट्रोल होतं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते चालत नाही. डायफ्राम कडक होतो, चिरतो, कॉर्कची गॅस्केटं सुटतात. इथेनॉल मिसळलं की वाफही लवकर होते.”

मामा बोलले ते खरं होतं. पण कोणासमोर बोलले? भाऊजींनी तीस वर्षं मळीपासून अल्कोहोल काढण्यात घालवली होती. घरचा ऊस आसवनीला गेलेला. सरकारने वीस टक्के मिश्रणाचं 2030 चं लक्ष्य 2025 वर आणलं आणि ते गाठलंही, तेव्हा भाऊजींनी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. आता त्यांच्याच पद्मिनीचा डायफ्राम त्यांच्याच उसाने खाल्ला हे कोणत्या तोंडाने कबूल करायचं? “इथेनॉलमध्ये काही दोष नाही,” ते म्हणाले. “डायफ्रामला सवय नाही.” यावर ताई म्हणाली, “अहो, मग सवय लागेपर्यंत ऑटोने जाऊ.”

विजेचा पंप घ्यायचा हे ठरल्यावर कोणता, हा प्रश्न आला आणि इथे माणसाचा स्वभाव कळतो. कार्बोरेटरला पेट्रोल लागतं ते अडीच-तीन पौंडांच्या दाबाने. मेकॅनिक अजून पौंडच म्हणतात, कागदावर पीएसआय. टायरमध्ये भरतो त्या हवेच्या साधारण दहावा हिस्सा. कार्बोरेटरच्या आत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन एका सुईने दार बंद करतो. या सुईची ताकद ती किती? तिला बाहेरून कुणी जोरात ढकललं की दार उघडंच राहतं आणि पेट्रोल कार्बोरेटरमधून ओसंडून गरम मॅनिफोल्डवर. पुढे काय होतं ते सांगायला फायर ब्रिगेड लागते.

पण अडीच पौंड ही मागणी कुणालाच पटत नाही. एवढा खर्च करायचा आणि एवढासाच दाब? भाच्याने आधुनिक एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाडीचा पंप सुचवला, चाळीस पौंडांच्या वरचा. “बाबा, फ्युचर प्रूफ,” तो म्हणाला. चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणाने पंप मोठाच घ्या आणि मध्ये रेग्युलेटर लावून दाब कमी करा असं सुचवलं. म्हणजे आधी दाब विकत घ्यायचा आणि मग तो कमी करायचं यंत्रही विकत घ्यायचं. संगणक क्षेत्रात असे निर्णय होत असावेत. माझा स्वतःचा कल रेग्युलेटर नसलेल्या, मुळातच कमी दाबाच्या पंपाकडे होता, पण मेहुण्याच्या मताला या घरात वाहतूक पोलिसाच्या शिट्टीइतकीच किंमत आहे.

मामांनी मग एस. यू. पंपाचं नाव काढलं. मॉरिस मायनर, जग्वार वगैरे ब्रिटिश गाड्यांमध्ये हा विजेचा पंप असे. आत विद्युतचुंबक आणि पॉइंट्स. चावी फिरवली की टिक टिक टिक, कार्बोरेटर भरला की टिकटिक मंदावते. पॉइंट्स झिजले की पंप रुसतो आणि त्यावरचा जगन्मान्य उपाय म्हणजे पायातला बूट काढून पंपाला एक ठेवून देणं. यात गंमत अशी की एस. यू. म्हणजे ‘स्किनर्स युनियन’, आणि हे स्किनर बंधू लंडनमधल्या लिली अँड स्किनर या बूटविक्रेत्या घराण्यातले. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. चांभारीतून आलेलं यंत्र चपलेलाच ओळखतं, याहून प्रामाणिक वंशावळ मी पाहिलेली नाही. भाऊजींना ही गोष्ट इतकी आवडली की ते एस. यू. घ्यायच्या बेतात होते. ताईने विचारलं, “भर चौकात चप्पल काढून गाडीला मारणार का तुम्ही?” बेत रहित झाला.

शेवटी निर्णय अण्णांनी दिला. अण्णा म्हणजे पेरुंबाक्कमकडे जाताना लागणाऱ्या एका गॅरेजचे मालक. त्यांना मराठी येत नाही, भाऊजींना तमिळ येत नाही आणि दोघांनाही हिंदी येतं असा दोघांचा समज आहे. अण्णांनी भाच्याने मागवलेला तो एमपीएफआय पंप हातात घेतला, उलटा केला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि खोकं भाच्याच्या हातात दिलं. एकही शब्द न बोलता एखादा अभिप्राय इतका पूर्ण देता येतो हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन पौंड. “पोदुम सार.” बास.

तर चौकोनी डबीसारखा, आत पॉइंट्स नसलेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा कमी दाबाचा पंप आला. असे पंप घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा एवढीच माझी विनंती, कारण एकाच चेहऱ्याच्या डब्या तीन पौंडांच्याही असतात आणि सात पौंडांच्याही, आणि दुकानदार जी हाताला लागेल ती ‘युनिव्हर्सल’ म्हणून देतो. शिवाय ट्रान्झिस्टरच्या पंपाला धन-ऋण कळतं. पद्मिनीची बॉडी ऋणाला जोडलेली, म्हणून सोपं. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॉडी धनाला जोडलेली असे. तिथे डोळे मिटून वायरी जोडल्या की पंपाचा प्राण पहिल्याच चावीला जातो. मामांनी हेराल्डच्या आठवणीने एक सुस्कारा सोडला, त्यावरून त्यांनी तो अनुभव घेतला असावा.

बसवण्याचं काम मी अथपासून इतिपर्यंत पाहिलं. अण्णांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. ते गाडीच्या मागच्या बाजूला आडवे झाले. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरच्या पाइपपासून दूर. टाकी आणि पंप यांच्या मध्ये फिल्टर, कारण चाळीस वर्षांच्या टाकीत पेट्रोलइतकाच गंज असतो. पंपाखाली रबराच्या गाद्या, नाहीतर त्याची टिकटिक बॉडीत शिरून मागच्या सीटवर बसलेल्याच्या पाठीतून निघते. जुनी रबरी नळी अण्णांनी दोन बोटांत वाकवून दाखवली. तिच्यावर बारीक भेगांचं जाळं उठलं. भाऊजींनी नजर दुसरीकडे वळवली. नवी नळी इथेनॉलला टिकणारी घेतली आणि ती घेताना त्या शब्दाचा उच्चार कुणीही केला नाही.

अर्थिंगवर अण्णांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वायर नुसती कुठल्याही स्क्रूला बांधली असती तर चाललं असतं असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी सँडपेपरने रुपयाएवढी जागा घासली. आधी रंग गेला, मग गंज, मग आणखी एक रंग निघाला, जो गाडीला कधी होता हे भाऊजींनाही माहीत नव्हतं, आणि मग चकचकीत पत्रा. तिथे वायर आवळून वरून ग्रीस. जुन्या गाडीत विजेचे निम्मे आजार या रुपयाएवढ्या जागेत असतात.

सुरक्षेचा मुद्दा मात्र गंभीर आहे, म्हणून थट्टा बाजूला ठेवतो. मूळचा पंप इंजिन थांबलं की थांबतो, कारण त्याला हलवणारं कुणी उरत नाही. विजेचा पंप चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो, मग गाडी सरळ उभी असो की खांबाला धडकून आडवी. म्हणून मध्ये फ्यूज हवा आणि धक्का बसताच वीज तोडणारा स्विचही हवा. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत असा स्विच असे, आणि फोर्डचा कारखाना इथे जवळच मराईमलै नगरला 2022 पर्यंत चालू होता, त्यामुळे पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारात तो मिळायला अडचण नाही. पुदुपेट्टै म्हणजे चेन्नईचं मोटारींचं स्मशान आणि प्रसूतिगृह एकाच गल्लीत. भाऊजी तिथे एका स्विचसाठी गेले आणि स्विच, पद्मिनीच्या दरवाजाची दोन हँडल्स आणि कशाचा ते कुणालाच न समजलेला एक ब्रॅकेट घेऊन आले. अण्णांनी स्विच हातावर आपटून पाहिला, भाऊजींना आपटायला दिला, मग मामांनाही आपटायचा होता.

राहिला जुना पंप. तो जागेवर ठेवून नवीन पंपाचं पेट्रोल त्याच्यातूनच पुढे न्यावं असा स्वस्त उपाय पुष्कळ जण करतात. करू नये. जुना डायफ्राम फाटला की मागून ढकललेलं पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं आणि मग डिपस्टिकला ऑइल वाढलेलं पाहून मालक खूश होतो. पंप काढला. तिथे भोक राहिलं, आणि त्या भोकातून ऑइल बाहेर येऊ नये म्हणून पट्टी आणि गॅस्केट हवं. पट्टी लेथवाल्याने अॅल्युमिनियमची कापून दिली. गॅस्केटचा कागद मात्र अण्णांकडे संपला होता. “पात्तुक्कलाम सार,” म्हणजे बघू या, म्हणत ते इकडेतिकडे बघू लागले. भाऊजींनी ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि भाच्याच्या लग्नाची उरलेली जाडजूड पत्रिका काढली. अण्णांनी ती भोकावर धरली आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने हलके हलके ठोकत गेले. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता, बोल्टांची दोन भोकंही तशीच उमटली. वर सीलंटचा हात फिरवून पट्टी बसली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ सध्या पद्मिनीच्या इंजिनाला आतून लागलेली आहे आणि ऑइलचा थेंब बाहेर नाही. सूनबाईंना हे अद्याप कळलेलं नाही.

चावी फिरवली. मागून कडकडकड आवाज सुरू झाला, भरभर, मग हळू, मग अगदी सावकाश. कार्बोरेटर भरला. सेल्फ मारला आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू. एरवी आठवडाभर उभ्या असलेल्या पद्मिनीला सेल्फ मारमारून बॅटरीचा जीव निघायचा, कारण इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल नाही आणि पेट्रोलशिवाय इंजिन नाही. भाऊजींनी त्या आवाजाचं शास्त्रही तयार केलं आहे. भरभर वाजत राहिला तर टाकी रिकामी किंवा नळी कुठेतरी हवा घेते. वाजलाच नाही तर फ्यूज. मधेच थांबून थांबून वाजला तर ताईने मागे पिशवी ठेवताना वायर ओढली.

मे महिन्याच्या भर दुपारी चौकात गाडी उभी राहिली, सुरू राहिली आणि सिग्नल सुटल्यावर निघालीसुद्धा. ताकाचा मांडव मागे पडला तेव्हा भाऊजींचा चेहरा थोडा उतरला. बंद पडण्याच्या निमित्ताने चार माणसं जमायची, गाडीला हात लावायची, कुणीतरी सांगायचा की माझ्या मामनारकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, अशीच होती. आता कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझं मत विचाराल तर मोकळ्या रस्त्यावर राहणाऱ्याने या भानगडीत पडू नये. चांगल्या रबराचा डायफ्राम टाका, पेट्रोलची नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर न्या, मूळचा पंप आणखी दहा वर्षं देईल. ओएमआरसारख्या ठिकाणी राहत असाल तर विजेचा पंप बसवा, पण अडीच-तीन पौंडांचाच, आणि धक्क्याने वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय नको. मुलगा संगणकात असेल तर त्याला त्या दिवशी ऑफिसला पाठवा.

जुना पंप भाऊजींनी पंच्यात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. त्यांना तो दुरुस्त करून ठेवायचा आहे. पद्मिनीच्या पंपाचा डायफ्राम संच, तोही इथेनॉलला न जुमानणारा, कुणा वाचकाकडे पडून असेल तर जरूर कळवावं. पैसे नक्की मिळतील. पद्धत कारखान्याचीच आहे: पहिला हप्ता माल पोचल्यावर, उरलेला दिवाळीला.